परदेशातील घर : कागद आणि माणसे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आम्ही उभयता १९९४ साली लंडनला गेलो आणि २०१७ साली परत आलो. तेवीस वर्षांत आम्ही तेथे भाड्याने राहिलो, एक लहानसा फ्लॅट घेतला, तो भाड्याने दिला आणि शेवटी विकला. आम्ही वकील नाही, कर सल्लागारही नाही. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावले ते एवढ्यासाठीच, की आपल्या समाजातील मुले-मुली आता शिष्यवृत्ती घेऊन किंवा नोकरीनिमित्त मोठ्या संख्येने परदेशी जात आहेत. आमच्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत. म्हणून आज अनुभवाच्या चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या सर्वांच्या परिचयाच्या घरापासून करतो. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ या काळात बाबासाहेब तेथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. हा भाग सर्वांना माहीत असतो. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. ते घर कागदोपत्री राहण्याचे घर होते. राहण्याच्या घराचे संग्रहालय करायचे तर तेथील स्थानिक परिषदेची वापरबदलाची परवानगी लागते. ती आधी घेतलेली नव्हती. काही शेजाऱ्यांनी गर्दीबद्दल आणि आवाजाबद्दल तक्रारी केल्या. कॅमडेनच्या परिषदेने २०१८ साली परवानगी नाकारली. मग अपील झाले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, दोन्ही बाजूंचे वकील उभे राहिले, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली तेव्हा कोठे स्मारक सुरक्षित झाले.

बंधू-भगिनींनो, घर घेणारे एका राज्याचे शासन होते, पैसे पूर्ण दिलेले होते, हेतू थोर होता. तरीही कागद अपुरा होता म्हणून ते घर अडचणीत आले. मग तुमची-आमची काय कथा? जमीन ज्या देशात आहे, त्या देशाचा कायदा त्या घराला लागतो. मालक कोण, त्याचा पासपोर्ट कोणता, याला त्यापुढे महत्त्व नाही. तेव्हा परदेशात घर घ्यावे असे मनात आले की पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. "येथे मला घेता येते का, आणि घेतल्यावर माझे काय काय होते?" हा पहिला प्रश्न.

याची उत्तरे देशागणिक वेगळी आहेत. दुबईत परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या भागांतच पूर्ण मालकीने घर घेता येते. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी व्यक्तींना निवासी घरे घेण्यावर बंदी घातली व नंतर तिची मुदत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी व्यक्तींना जुनी, वापरातील घरे घेण्यास मनाई केली. या सगळ्यांना अपवाद आहेत आणि नियम बदलत राहतात. आम्ही राहिलो इंग्लंडात, म्हणून यापुढचे सगळे इंग्लंडपुरते सांगतो. स्कॉटलंडचा कायदासुद्धा वेगळा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

आधी विद्यार्थ्यांसाठी. तुमचे परदेशातील पहिले घर भाड्याचे असणार. आम्ही १९९५ साली एक खोली घेतली, अनामत रक्कम रोख दिली, पावती मागायला संकोच वाटला. सोडताना घरमालकाने भिंतीवरचे डाग आणि गादीचे कारण सांगून एक पैसाही परत केला नाही. आमच्याकडे ना पावती, ना फोटो. आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. नेहमीच्या भाडेकरारात घरमालकाने तुमची अनामत सरकारमान्य योजनेत ३० दिवसांच्या आत नोंदवावी लागते. न नोंदवल्यास न्यायालय त्याला अनामतीच्या एक ते तीन पटीपर्यंत रक्कम द्यायला लावू शकते. इंग्लंडात २०१९ पासून अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि खोली राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही.

पण येथे एक मेख आहे. आपली मुले बहुधा कोणा भारतीय कुटुंबाच्या घरात एक खोली घेऊन राहतात. घरमालक त्याच घरात राहत असेल तर अनामत नोंदवण्याचा हा नियम सहसा लागू होत नाही. तेव्हा ओळखीचा माणूस आहे, आपल्या गावाकडचा आहे, म्हणून कागद सोडू नका. अशा ठिकाणी कागदाची गरज उलट जास्त असते. खोलीत पाऊल टाकल्या दिवशी भिंती, गादी, नळ, खिडक्या यांचे फोटो काढा, ते घरमालकाला पाठवा, रक्कम बँकेतून द्या. भारतात बसून, खोली कोणीही प्रत्यक्ष न पाहता, केवळ जाहिरात बघून पैसे पाठवू नका. विद्यापीठाच्या निवास विभागाला विचारा. आणि एक गोष्ट : घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर त्या घरावर कौन्सिल टॅक्स लागत नाही. विद्यापीठाचा दाखला मात्र कौन्सिलला द्यावा लागतो. घरात एक जरी नोकरी करणारा राहायला आला तर ही संपूर्ण माफी राहत नाही. सोबती निवडताना हे विचारून घ्यावे.

आता घर विकत घेणाऱ्यांसाठी. आपल्याकडे "फ्लॅट घेतला" म्हटले की तो आपला झाला असे आपण मानतो. इंग्लंडात फ्लॅट बहुतेक वेळा लीजहोल्ड असतो. म्हणजे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा तुम्ही विकत घेता. जमीन आणि इमारत दुसऱ्याची असते. दर वर्षी देखभालीचा खर्च द्यावा लागतो, छत दुरुस्त करायचे तर मोठी रक्कम एकदम येऊ शकते. जुन्या पट्ट्यांवर वेगळे जमीनभाडेही असते. नव्या पट्ट्यांवर ते ३० जून २०२२ पासून सामान्यतः घेता येत नाही.

आम्ही २००६ साली एक लाख चाळीस हजार पौंडांना दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पट्ट्याची ७४ वर्षे शिल्लक होती. "आपण काय ७४ वर्षे जगणार आहोत का?" असे म्हणून आम्ही हसलो. सॉलिसिटरच्या पत्रात ती ओळ होती, ती आम्ही वाचली पण समजून घेतली नाही. पट्टा ८० वर्षांच्या खाली गेला की तो वाढवून घेण्याचा खर्च एकदम चढतो, कारण मुदत वाढल्याने घराची जी किंमत वाढते तिच्यातला वाटा जमीनमालकाला द्यावा लागतो. पट्टा जसजसा आखूड होतो तसतशा बँकाही कर्ज द्यायला नाखूश होतात, म्हणजे गिऱ्हाईक मिळत नाही. २००९ साली मुदत वाढवून घ्यायला आम्हाला सुमारे दहा हजार पौंड मोजावे लागले. चूक आमचीच होती. यात सुधारणा करणारा कायदा २०२४ साली झाला आहे, पण त्याची सर्व कलमे एकदम लागू झालेली नाहीत. म्हणून आजही विचारायचे प्रश्न तेच : पट्ट्याची किती वर्षे उरली? जमीनभाडे किती, आणि ते वाढते का? गेल्या तीन वर्षांचा देखभाल खर्च किती आला? पुढे मोठे काम निघाले आहे का? उत्तरे लेखी घ्या. ज्याची फी तुम्ही देता तो सॉलिसिटर तुमचा. विकणाऱ्याच्या एजंटाने सुचवलेला माणूस स्वस्त असला तरी आधी दोन ठिकाणी चौकशी करावी.

मुद्रांक शुल्काची एक बाब आपल्या लोकांना फार महागात पडते. इंग्लंडात दुसरे घर घेणाऱ्याला नेहमीच्या दरावर जास्तीचे ५ टक्के शुल्क भरावे लागते. हा दर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. हे "दुसरे घर" मोजताना जगातील कोणतेही घर धरले जाते. वडिलांनी प्रेमाने नागपूरचा किंवा कल्याणचा फ्लॅट मुलाच्या नावावर करून दिला, आणि त्याची किंमत ४० हजार पौंड किंवा अधिक असली, तर लंडनमधले त्याचे पहिलेच घर कायद्याच्या दृष्टीने दुसरे ठरू शकते. नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर असले तरी सामान्यतः दोघांचे धरतात. शिवाय घेणारा आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेला नसेल तर आणखी २ टक्के. तेव्हा इकडच्या आई-वडिलांनीही मुलांच्या नावे घरे करण्यापूर्वी त्यांना विचारावे.

यानंतर जे सांगायचे आहे ते सांगताना आम्हाला अजूनही जड जाते. फ्लॅटसाठी चौदा हजार पौंड आधी भरायचे होते. आमच्याकडे निम्मे होते. आमचे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो, रेल्वेतून निवृत्त झाले होते. भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची वाट रिझर्व्ह बँकेने २००४ साली खुली केली होती. तेव्हा मर्यादा वर्षाला २५ हजार डॉलर होती. दादांनी बँकेत रीतसर अर्ज भरून प्रॉव्हिडंट फंडातले सहा लाख रुपये आम्हाला पाठवले. ते कर्ज होते, भेट होती, की घरातला हिस्सा होता, हे त्यांनी बोलून दाखवले नाही आणि आम्ही विचारले नाही. भावाभावात कसले कागद! घर आम्हा दोघांच्या नावावर झाले.

२०१४ साली दादा गेले. पुढच्या वर्षी पुतणीचा फोन आला. तिला पुढील शिक्षणासाठी प्रवेश घ्यायचा होता. तिने एवढेच विचारले, "काका, बाबांचं त्या घरात काही होतं का?" बंधू-भगिनींनो, आम्ही "हो" म्हणालो, पण "किती" हे सांगू शकलो नाही. सहा लाख परत करायचे, की वाढलेल्या किमतीतला वाटा? वाटा म्हटला तर आम्ही भरलेले कर्जाचे हप्ते आणि पट्ट्याचे दहा हजार कसे धरायचे? विचार करतो, विचार करतो, असे म्हणत आम्ही वर्ष घालवले. त्या वर्षी तिचा प्रवेश हुकला. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, पण दोन वर्षे दिवाळीला फोन आला नाही. पुढे आम्ही मूळ रक्कम पाठवली, आणि २०१९ साली फ्लॅट विकल्यावर तिघांनी एकत्र बसून दादांच्या पैशाचा वाटा काढून तिच्या नावे केला. ती आज शिकून नोकरीला आहे. पण ते एक वर्ष आम्ही तिला परत देऊ शकलो नाही.

आमच्या मनात खोट नव्हती. तरीही कागद नव्हता म्हणून घरातल्या एका मुलीचे नुकसान झाले. तेथे यासाठी सोपी सोय आहे. घर दोन प्रकारे एकत्र घेता येते. एका प्रकारात एक मालक वारला की सगळे घर आपोआप दुसऱ्याचे होते, मृत्युपत्रात काहीही लिहिले असले तरी. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो आणि तो आपल्या वारसाला देता येतो. ज्याचे नाव मालक म्हणून नाही पण पैसे आहेत, त्याच्यासाठी हिश्श्याचे घोषणापत्र करता येते. सॉलिसिटर ते तयार करून देतो आणि घराच्या किमतीच्या मानाने त्याचा खर्च अगदी थोडा असतो. नातेवाईक पैसे देत असल्याचे कर्ज देणाऱ्या बँकेलाही सांगावे लागते. इकडून पैसे पाठवण्याची मर्यादा आता दर माणशी, दर आर्थिक वर्षी अडीच लाख डॉलर आहे. पैसे बँकेतूनच पाठवावेत आणि कारण खरे तेच लिहावे. हवाला किंवा "तू तिकडे दे, मी इकडे देतो" असले व्यवहार करू नयेत.

घर घेऊन दूर राहणाऱ्यांनी आणखी थोडी सावधगिरी बाळगावी. २०२१ साली इंग्लंडात एक प्रकरण गाजले. मालक बाहेरगावी असताना कोणी तरी त्याच्या नावाने उभे राहून त्याचे घर परस्पर विकून टाकले होते. आपल्याकडे जसा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, तशी तेथे लँड रजिस्ट्री असते. घराच्या नोंदीबाबत काही हालचाल झाली की मालकाला कळवण्याची तिची सेवा मोफत आहे. दहा मालमत्तांपर्यंत नोंदवता येतात. नोंदीत तुमचा आताचा पत्ता आहे ना, हेही पाहावे. आमचा जुनाच पत्ता चार वर्षे राहिला होता. घर रिकामे ठेवणार असाल तर विमा कंपनीला कळवा, भाड्याने देणार असाल तर कर्ज देणाऱ्या बँकेची संमती घ्या. मालक परदेशी राहत असेल तर एजंटाने भाड्यातून २० टक्के कर कापून भरायचा असतो. तेथील कर खात्याकडे अर्ज करून पूर्ण भाडे घेण्याची आणि कर स्वतः भरण्याची परवानगी मिळवता येते. परदेशी राहणाऱ्याने तेथील घर विकले तर ६० दिवसांत त्याची माहिती कर खात्याला द्यावी लागते, नफा झाला नसला तरी.

आता इकडची बाजू. परदेशी राहत असताना कमावून घेतलेले घर भारतात परतल्यावरही ठेवता येते. १९९९ च्या परकीय चलन कायद्यातच तशी तरतूद आहे. पण परतल्यावर तुम्ही कायद्याने कायम रहिवासी ठरलात की ते घर आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावेच लागते, त्यापासून उत्पन्न नसले तरी. न दाखवल्यास २०१५ च्या कायद्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहानसहान परदेशी बँक खात्यांना अलीकडे काही सूट मिळाली आहे, घराला नाही. उलट बाजूने, परदेशी राहणाऱ्या भारतीयाला येथे घर वा दुकान घेता येते. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. गावाकडे "तू पैसे पाठव, तुझ्या नावावर दोन एकर घेतो" असे सांगणारे बरेच असतात. त्यांना हे समजावून सांगावे. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवायचे तर ते रीतसर प्रमाणित करून पाठवावे, आणि महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा.

शेवटची बाब मृत्युपत्राची. हा विषय काढला की घरात म्हातारी माणसे गप्प होतात, तरुण हसतात. आपण बौद्ध असलो तरी वारशाच्या बाबतीत आपल्याला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. पण तो इंग्लंडमधल्या घराला लागत नाही. तेथे तेथलाच कायदा चालतो. तेथील घरावर वारसा कर आहे : तीन लाख पंचवीस हजार पौंडांच्या वरच्या भागावर, काही सवलती सोडून, ४० टक्के. पती-पत्नींना एकमेकांकडून मिळणाऱ्या वारशाला बहुधा माफी असते. एप्रिल २०२५ पासून मागील २० करवर्षांपैकी १० वर्षे तेथे राहिलेल्याच्या जगभरातील मालमत्तेवर हा कर येऊ शकतो, म्हणजे गावाकडच्या घरावरही. तेव्हा दोन्हीकडे मालमत्ता असणाऱ्याने दोन मृत्युपत्रे करावीत, आणि दोन्हींत स्पष्ट लिहावे की हे अमुक देशातील मालमत्तेपुरतेच आहे. नाही तर नंतरचे मृत्युपत्र आधीचे रद्द करून टाकते. दोन्हीकडे दोन साक्षीदार लागतात. इंग्लंडात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही ठेवले असेल तर ते त्यांना मिळत नाही, आणि लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र सहसा रद्द होते. लग्नाळू मंडळींनी हे लक्षात ठेवावे.

आम्ही घरी गेल्यावर एक काम केले, ते तुम्हालाही सुचवतो. एका फाइलमध्ये घराच्या नोंदीचा उतारा, पट्ट्याची प्रत, कर्जाचा व विम्याचा कागद, कोणी किती पैसे दिले त्याचा लेखी तपशील, कराची विवरणपत्रे आणि मृत्युपत्र कोठे ठेवले आहे त्याची चिठ्ठी एवढे लावले. तिची एक प्रत पुतणीकडे दिली. ती म्हणाली, "काका, हे सगळं मला कशाला?" आम्ही म्हटले, "तुला पुन्हा कधी विचारावं लागू नये म्हणून."

आपल्या आधीच्या पिढीतील अनेकांच्या नावावर गावात वीतभर जागाही नव्हती. आज आपली मुले साता समुद्रापलीकडे घरे घेत आहेत, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ते घर घेताना इकडे कोणी तरी आपली पुंजी मोडलेली असते. तिची नोंद त्याच दिवशी करून ठेवा. 

जयभीम!